गच्चीवर फार चालू नये

दिनांक ९ सप्टेंबर, मंगळवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून. निचऱ्याच्या जाळीत अडकलेली पानं काढली, हात पुसले आणि लिहायला घेतलं.

तीर्थरूप काकांना,

वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात वाकलेलो नाही, कारण मांडीवर फळी आहे, फळीवर कागद आहे आणि वारा सुटलेला आहे. पण तुम्ही हे वाचाल तेव्हा मी वाकलेलो आहे असं धरावं.) तुमची तब्येत चांगली असेल. काकूंचा गुडघा कसा आहे? सहा वर्षांपूर्वी तो दुखत होता, म्हणजे आता एक तर बरा झाला असेल नाही तर सवयीचा झाला असेल. दोन्हींपैकी जे असेल त्यात त्यांना आराम पडो. इकडे आई ठीक आहे. बाबा आहेत. (हे वाक्य मी तीन वेळा खोडून पुन्हा लिहिलं. ‘बरे आहेत’ लिहिलं तर ते खरं नाही, ‘बरे नाहीत’ लिहिलं तर तुम्ही घाबराल, म्हणून जेवढ्याची तपासून खात्री करता येते तेवढंच लिहिलं.)

पत्र गच्चीबद्दल आहे. तुम्हाला बरंचसं माहीत आहे तरी क्रमाने लिहितो, कारण क्रम सुटला की मला घाम फुटतो. एप्रिलमध्ये एका सकाळी बाबांचा उजवा हात आणि उजवा पाय चालेनासा झाला हे आईने तुम्हाला कळवलं होतं. तुमचं दोन ओळींचं उत्तरही आलं. (बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, ‘बस?’ मी कागद उलटून दाखवला. मागे काही नव्हतं.) त्या दिवसापासून इमारतीची देखभाल माझ्याकडे आली. इमारत तीच आहे. खाली कापडाचं आणि चष्म्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर वकील आणि विमेवाले, सगळ्यांत वर दंतवैद्य, दंतवैद्यांच्या डोक्यावर गच्ची, आणि गच्चीवर तुम्ही बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने अंथरलेली डांबराची चादर. आम्हीही तिथेच, तळमजल्यावर मागच्या अंगाला, मीटरच्या खोलीशेजारी. जिने झाडणं, दिवे बदलणं, पंप चालू-बंद करणं हे मी आधीपासून करत होतो. गच्चीची किल्ली मात्र बाबांनी माझ्या हातात कधी दिली नव्हती. म्हणायचे, ‘तुला शंका फार.’ (शंकोबा हे नाव तुम्हीच मला ठेवलंत. ते अजून चालू आहे. दंतवैद्यांनी माझी दाढ काढली तेव्हा पावतीवरही तेच लिहिलं.)

आता बाबा गच्ची कशी राखायचे ते सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच आहे. असली चादर पंधरा वर्षं टिकली तरी लोक नशीब म्हणतात. आपली बावीस वर्षं टिकली. बाबा महिन्याच्या एक तारखेला एकदा वर जायचे आणि मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी एकदा. अनवाणी जायचे. हातात केरसुणी आणि खिशात खडू. निचऱ्याची चारही तोंडं साफ करायची, तळव्याला कुठे मऊ लागलं, कुठे फुगवटा आला, सांधा सुटायला लागला, की तिथे खडूने गोल काढायचा आणि संध्याकाळच्या आत त्यावर गरम डांबराचा हात फिरवायचा. अर्ध्या तासात खाली, दाराला कुलूप, आणि पुढचा महिनाभर वर कोणी नाही. वकिलांच्या कारकुनाने एकदा विडी ओढायला किल्ली मागितली तर बाबा म्हणाले, ‘तुझ्या साहेबांच्या टेबलावर मी नाचू का?’ तो अजून जिन्यात भेटला की मान खाली घालतो.

मला हे सगळं अपुरं वाटायचं. महिन्यातून एकदा! एका महिन्यात काय काय होऊ शकतं याचा विचार केला की माझं जेवण उतरत नसे. म्हणून किल्ली हातात आल्याबरोबर मी दोनशे पानी वही आणली, तिला रेघा मारून पाच रकाने पाडले (तारीख, वेळ, जागा, स्थिती, शेरा) आणि दिवसाला सहा फेऱ्या ठरवल्या. पहिली सकाळी सहाला, शेवटची सूर्य मावळायच्या आत. दारातून निघून डावीकडून कठड्याच्या कडेने, टाकीला वळसा, मधल्या सांध्यावरून परत दाराशी, रोज त्याच वाटेने, म्हणजे काही चुकायला नको. हातात चष्मेवाल्याकडून मागून आणलेली लोखंडी सळई ठेवायचो. प्रत्येक सांध्यावर तीन वेळा टकटक करून आवाज वहीत लिहायचो. (‘बद्द’, ‘ठणठणीत’, ‘शंकास्पद’ अशा तीन जाती केल्या होत्या.) आणि अनवाणी जायचं मला पटलं नाही. जबाबदारीचं काम आहे, पायात काहीतरी हवं. जुन्या बाजारातून एक दणकट बूट-जोड घेतला. मोची म्हणाला, तळ झिजेल, लोखंडी नाल ठोकून घ्या, मुलापर्यंत बूट जातील. (मूल राहिलं दूर, माझ्याशी चहालाही कोणी थांबत नाही. पण वस्तू टिकाऊ असावी हे मला पटलं.) मी चार नाल ठोकून घेतले. गच्ची टिकवायची तर ती टिकवणाऱ्याचे बूट आधी टिकले पाहिजेत, असा माझा हिशेब होता. तुम्ही या ओळीशी थांबून कपाळावर हात मारला असेल. मला मारायला पाच महिने लागले.

दुसरी वही बाबांची होती. (रकाने सहा. वेळ, नाडी, ताप, पाणी, औषध, शेरा.) गच्चीच्या प्रत्येक फेरीनंतर खाली येऊन एक फेरी बाबांची. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा बघा म्हटलं होतं, पण त्यांना तरी काय काय आठवणीत राहणार, म्हणून मी सहा वेळा बघायचो. झोप नीट लागली का हे लिहायला हवं म्हणून मी त्यांना दोन वेळा झोपेतून उठवून विचारलं. ते म्हणाले, ‘लागली होती.’ तसंच लिहिलं. आणि रोज संध्याकाळी शेवटच्या फेरीनंतर मी खाली आलो की बाबा वर छताकडे बघून एकच शब्द विचारायचे, ‘वर?’ मी सांगायचो, ‘कोरडं.’ मग ते डोळे मिटायचे. आमच्या घरातलं एवढंच बोलणं, पण त्या एका शब्दावर त्यांची झोप अवलंबून आहे हे मला दिसत होतं. ज्या दिवशी मी सांगायला उशीर करायचो त्या दिवशी ते जागे असायचे.

ऑगस्टच्या अठराव्या तारखेला, दोन दिवस पाऊस लागून राहिल्यानंतर, दंतवैद्यांकडे पोस्टमास्तर दाखवायला आले होते. खुर्चीत आडवे, तोंड उघडं, डोळे मिटलेले. छतातून एक थेंब पडला तो नेमका तोंडात. पोस्टमास्तर शिस्तीचे माणूस. त्यांनी तो तोंडात खुळखुळवला, बाजूच्या भांड्यात थुंकले आणि ‘औषध जरा कडू आहे’ एवढंच म्हणाले. दंतवैद्यांनी वर बघितलं. छतावर ताटाएवढा डाग होता. मला बोलावून घेतलं आणि पोस्टमास्तरांसमोरच म्हणाले, ‘शंकोबा, मी गुळण्या करायला पाणी पेल्यातून देतो. हे वरून सोडायचं तुझ्या डोक्यातून निघालं का?’ पोस्टमास्तर उठून बसले. मी घमेलं आणून खुर्चीशेजारी ठेवलं. दंतवैद्यांनी ते पायाने सरकवून नेमकं थेंबाखाली आणलं आणि म्हणाले, ‘निदान हे तरी तपासून ठेव.’

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, ‘वर?’

काका, मला खोटं बोलता येत नाही. इच्छा पुष्कळ असते, पण कान लाल होतात. शाळेत नववीपर्यंत मास्तर आधी माझे कान बघायचे आणि मग उत्तर ऐकायचे. म्हणून मी कपडे बदलायचं निमित्त करून पडद्यामागे गेलो आणि तिथून म्हणालो, ‘कोरडं.’ मग बाबा म्हणाले, ‘हं.’ त्या दिवसापासून आजपर्यंत मी हे उत्तर पडद्यामागूनच देतो आहे. रोज त्याच वेळी कपडे बदलतो. आईला वाटतं मला अंगाला काहीतरी उठलं आहे.

मी डाग मिटवायचा प्रयत्न केला. फेऱ्या सहाच्या आठ केल्या. गळती वाढली. फेऱ्या दहा केल्या. दंतवैद्यांनी दुसरं घमेलं मागितलं. शेवटी त्यांनीच मालकीणबाईंना सांगितलं, आणि मालकीणबाईंनी छतं दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा माणूस पाठवला. तो दोन तारखेला आला. पन्नाशीचा असेल, शांत, हातात ओल मोजायची पेटी. गच्चीच्या दाराशी आला आणि सगळ्यांत आधी त्याने काय केलं असेल तर चपला काढून पिशवीतून मऊ तळव्याचे कापडी बूट काढले आणि ते घातले. मग माझ्या पायांकडे बघितलं. दारातून डावीकडे वळला, कठड्याच्या कडेने गेला, टाकीला वळसा घातला आणि मधल्या सांध्यावरून परत माझ्यापाशी येऊन उभा राहिला. मी काही न सांगता तो बरोबर माझ्याच वाटेने कसा गेला याचं मला कौतुक वाटलं. तो म्हणाला, ‘भाऊ, इथे घोडा फिरवता का?’

मी म्हणालो, ‘नाही, मीच फिरतो.’ आणि (हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच) मोठ्या अभिमानाने त्याला वही दिली. त्याने उभ्या उभ्या अकरा पानं वाचली. कुठे कुठे मागे जाऊन पुन्हा वाचली. मग वही मिटून दोन्ही हातांनी मला परत दिली आणि म्हणाला, ‘इतकी चांगली वही मी तीस वर्षांत पाहिली नाही. पण हे छत या वहीनेच मारलं.’ मग खाली बसून त्याने मला बोटाने दाखवलं. माझ्या वाटेवर दर दीड हाताला एक अर्धा चंद्र, नालाच्या मापाचा. नव्याने पडलेले वर, जुने खाली, काही ठिकाणी चादर आरपार. प्रत्येक सांध्यावर सळईच्या टोकाएवढी तीन भोकं. सगळीकडून पाणी आत गेलेलं आणि आत जाऊन पसरलेलं. त्याने पेटी टेकवली की ती ओरडायची. माझ्या वाटेबाहेर टेकवली की गप्प. मी विचारलं, ‘मी काहीच केलं नसतं तर?’ तो म्हणाला, ‘आणखी चार-पाच वर्षं आरामात गेली असती. महिन्यातून एकदा बघायचं असतं, साहेब. बाकी त्याचं त्याला राहू द्यायचं.’ मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी साहेब म्हणालं, ते या वाक्यात.

तुमच्यासाठी यात एक गोष्ट आहे. पश्चिमेकडचा तो सांधा त्याने शेवटी बघितला. तोच, ज्यावरून बाबा सहा वर्षांपूर्वी मालकीणबाईंसमोर म्हणाले होते की एका चादरीवर दुसरी सहा बोटं चढवायला हवी होती, धाकट्याने चारच चढवली, आणि ज्यावरून तुम्ही डांबराची बादली तिथेच ठेवून, न जेवता, या गच्चीवर पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणून निघून गेलात. (बादली अजून टाकीमागे आहे. बाबांनी ती कोणाला वापरू दिली नाही.) त्या माणसाने सांध्यात सुरीचं टोक घालून उचलायला बघितलं. उचललं गेलं नाही. दोन्ही गुडघे टेकून जोर लावला. नाही. म्हणाला, ‘चारच बोटं आहे, पण काय घातलंय! कोणाचा हात?’ मी म्हणालो, ‘माझ्या काकांचा.’ ‘आहेत?’ ‘आहेत, पण बोलत नाहीत.’ त्याचा काहीतरी गैरसमज झाला असावा, कारण त्याने मान हलवून ‘फार वाईट’ असं म्हटलं. हे मला बाबांना सांगायचं आहे आणि सांगता येत नाही. सांध्याचं सांगायचं तर तो कोणी बघितला हे सांगावं लागेल, आणि तो का आला हेही.

त्या दुपारी मी खाली आलो आणि सवयीने थर्मामीटर घेऊन बाबांच्या खाटेशी बसलो. आईला वरचं काही माहीत नव्हतं. तिने माझ्या हातातून थर्मामीटर काढून घेतला आणि म्हणाली, ‘पुरे रे आता. तपासून तपासून झिजवशील त्यांना. जरा नुसता बस की.’ मी उठून मीटरच्या खोलीच्या पायरीवर गेलो आणि तिथे बराच वेळ बसलो. कशासाठी बसलो होतो ते वहीत लिहिलेलं नाही. मग बूट काढले, सळई चष्मेवाल्याला परत दिली, आत आलो आणि बाबांजवळ नुसता बसलो. हे फार अवघड काम आहे. हात कुठे ठेवावेत कळत नाही. अर्ध्या तासाने बाबांनीच डोळे उघडून विचारलं, ‘वही?’ मी म्हणालो, मिटली. त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवीला आता हसता येत नाही.

डॉक्टर आता न बोलावता येतात, मागच्या तीन खेपांना त्यांनी फीही घेतली नाही. मला ही लक्षणं बरी वाटत नाहीत. पूर्वी ते पैसे मोजून घ्यायचे तेव्हा बाबांची तब्येत सुधारत होती. मालकीणबाईही फार गोड बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, गच्ची आता दहा वर्षं कंपनीच बघेल, तुझे जिने आणि दिवे तुझ्याकडे राहतील, आणि खोलीची काळजी करू नकोस, तुझे वडील आहेत तोवर. एवढं म्हणून त्यांनी पाण्याचा पेला उचलून तोंडाला लावला. तो रिकामा होता, हे मला दिसत होतं.

तर विचारायचं होतं ते एवढंच, की नवी चादर बावीस तारखेला पडणार आहे. तोपर्यंत फाटलेल्या जागांना गरम डांबर लावावं की थंड, आणि वरून कापड चिकटवावं का? आपला या कामातला हात मोठा आहे म्हणून त्रास दिला. काकूंना नमस्कार सांगावा. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे, तरी काही राहिलं असल्यास वाऱ्यामुळे.

आपला आज्ञेतला पुतण्या,
शंकोबा

ता. क. डांबर गरमच लावायचं आणि वरून कापड चिकटवायचं, हे मला माहीत आहे. कालच लावलं. (अनवाणी, एकदाच जाऊन.) ते विचारायला पत्र लिहिलेलं नाही.

काका, बावीस तारखेला सकाळी आठपासून कंपनीची माणसं जुनी चादर खरवडून काढणार आहेत. काढलेले तुकडे मागच्या बाजूने खाली ट्रकमध्ये टाकणार, कारण पुढे ट्रक उभा राहत नाही. मागच्या बाजूला आमची खिडकी आहे, खिडकीसमोर बाबांची खाट आहे, आणि खोलीत खाट हलवायला दुसरी जागा नाही, मी चारही बाजूंनी मोजून बघितलं. म्हणजे बाबांनी बावीस वर्षं राखलेली गच्ची दोन दिवस तुकड्या-तुकड्याने त्यांच्या डोळ्यांदेखत खाली पडणार. पडदा लावता येईल. पण गच्चीवरून येणारा पावसाच्या पाण्याचा लोखंडी पाइप त्यांच्या खाटेच्या कोपऱ्यातून खाली जातो, आणि वरचं खरवडणं त्यातून घरात ऐकू येईल. त्यावर मला काही सुचलेलं नाही, तुमच्याशिवाय.

तुम्ही एकवीसला येऊन दोन दिवस खिडकी आणि खाट यांच्यामध्ये बसावं. तुमची पाठ रुंद आहे (निदान होती) आणि तुमच्या आवाजाने त्या वेळी दंतवैद्यांचा रुग्ण खुर्चीतून उठला होता. बोलायला विषय नसेल तर भांडावं. उलट भांडाच. चार बोटं की सहा, तुमचं सहा वर्षं चाललं आहे, आणखी दोन दिवस सहज चालेल. मी मध्ये पडणार नाही आणि आईलाही पडू देणार नाही. आणि संध्याकाळी त्यांनी ‘वर?’ विचारलं तर तुम्ही उत्तर द्यावं. लहानपणी तुम्ही आठवडाभर शाळेला न जाता रोज गेलो म्हणून सांगत होतात आणि दादाला (म्हणजे बाबांनाच) पत्ता लागू दिला नाहीत, हे बाबाच आम्हाला कौतुकाने सांगतात. माझ्याच्याने आता ते पडद्यामागूनही होत नाही.

दुसरा ता. क. दिनांक १० सप्टेंबर, बुधवार, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. पत्र टाकायला निघालो होतो. बाबांनी हाताकडे बघून विचारलं, ‘काय?’ मी म्हणालो, पत्र. ‘कुणाला?’ आईने पडदा धुवायला काढला होता, त्यामुळे मला जायला जागा नव्हती. सांगितलं. म्हणाले, ‘वाच.’ मी पहिलं पान वाचलं आणि मधली पानं सोडून एकदम काकूंच्या नमस्कारावर आलो. म्हणाले, ‘मधलं.’

सगळं वाचलं. ता. क. सुद्धा. मध्ये दोनदा थांबून, पंचवीस मिनिटं लागली. पोस्टमास्तरांच्या तोंडात थेंब पडला तिथे बाबा इतके हसले की आई हातातलं टाकून डोळे पुसायला आली, त्यांचे आणि स्वतःचेही. तुमचा सांधा उचलला गेला नाही तिथे पुन्हा वाचायला लावलं. बावीस तारखेच्या जागी मात्र त्यांनी वर छताकडे बघितलं. मग डाव्या हाताने कोपऱ्यातला पाइप दाखवला आणि एक-एक शब्द जुळवत म्हणाले, ‘पहिल्या दिवसापासून. बूट ऐकू येत होते.’

मी विचारलं, ऐकू येत होते तर मला थांबवलं का नाही? गच्ची खराब होते आहे हे तुम्हाला कळत होतं ना? त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला. मी घाई केली नाही, नुसता बसलो. म्हणाले, ‘तू वर आहेस, ते कळायचं.’

मग म्हणाले, ‘त्याला लिही. बावीसपर्यंत थांबू नको.’ मी विचारलं, म्हणजे काय? विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं. ते म्हणाले, ‘लिही म्हटलं की लिही.’ म्हणून लिहिलं. या आठवड्यातच या, काका.

हिशेब सोबत जोडतो आहे. मालकीणबाईंना द्यायचा होता, पण त्यांनी घेतला नाही, आणि कोणाला तरी दिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

झालेला खर्च:
बूट, जुने, एक जोड: ३१०
नाल, चार: ४०
वह्या, दोन: ९०
घमेली, दोन: ७५
पोस्टमास्तरांच्या तपासणीची फी (दंतवैद्यांनी त्यांना माफ केली आणि मला लावली): १५०
डांबर आणि कापड: २२०
एकूण: ८८५

परत आलेले: नालांचे, मोच्याकडून, बरीच घासाघीस करून: २०

देणं: डॉक्टरांच्या तीन खेपा. त्यांना पुन्हा विचारलं, नको म्हणाले.

तुमच्या तिकिटाचे ३६० पाकिटात घातले आहेत, मोजून घ्यावेत. हे माझे नाहीत. बाबांनी चष्म्याच्या डबीतून काढून दिले, आईने डबी उघडून धरली. रक्कम फक्त येण्याची आहे. परतीच्या तिकिटाचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, ‘जायची घाई काय आहे त्याला.’